काकूंचं प्रस्थान

मोघेकाका स्वतःच्या बायकोची पर्स मारताना ग्वाल्हेरात इंदरगंजच्या चौराह्यावर पकडले गेले, तेव्हा मी त्यांच्या मागे थोड्याच अंतरावर उभा होतो. खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो सटकायचा.

त्याचं असं झालं. काकूंना मस्कतला जायचं होतं, लेकीकडे. परदेशातल्या पाकीटमारांची सवय व्हावी म्हणून काका तोंडाला रुमाल बांधून भर बाजारात त्यांच्या मागे निघाले. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. काकांनी पर्सला हात घालायचा अवकाश, एका फळवाल्याने त्यांचं मनगट धरलं. बघता बघता गर्दी जमली. कोणीतरी काकूंना विचारलं, "माताजी, इन्हें जानती हैं?" आता गेला महिनाभर काका त्यांच्याकडून घोकून घेत होते, की अनोळखी माणसाने काही विचारलं तर बिलकुल माहिती द्यायची नाही. काकूंनी रुमालामागच्या नवऱ्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "नहीं."

मी मध्ये पडलो म्हणून निभावलं, तरी काकांना दोन-चार धपाटे बसलेच. मला वाटलं, आता रिक्षातच महाभारत होणार. कसलं काय! काका मान चोळत खूष. काकू पास झाल्या, एकदम पहिल्या नंबराने पास झाल्या, असं आमच्या दाना ओली गल्लीत शिरेपर्यंत सांगत होते. काकू पदर तोंडाला लावून बाहेर बघत होत्या. हा नकार त्यांनी नुसत्या शिकवणीमुळे दिला असेल, यावर माझा अजून विश्वास नाही.

मोघेकाका आमचे शेजारी. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. स्वतः देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही, पण गल्लीतलं कोणी परदेशी निघालं की त्याची तपासणी यांच्या ओट्यावर. औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी आहे का, विमा काढलाय का, दुसऱ्याची पिशवी 'जरा धरा' म्हणून कोणी दिली तर काय करायचं. उत्तर चुकलं की, "गाफील माणसाचं सामान देवसुद्धा सांभाळत नाही," हे ठरलेलं वाक्य. त्यांचे एक पूर्वज पानिपताहून जिवंत परतले होते म्हणे. काकांच्या मते त्याचं कारण एवढंच, की लढाईच्या आधीच त्यांनी मागचा रस्ता बघून ठेवला होता. पळून आले असं म्हणायचं नाही. सुरक्षित परतले म्हणायचं.

दिल्लीहून मस्कतला विमान साधारण तीन तासांत पोचवतं. ग्वाल्हेरहून दिल्लीला गाडीने त्याहून जास्त लागतात. हे मी एकदा बोललो आणि पस्तावलो. दिल्लीत अडकलं तर काकूंचा भाचा आहे, मस्कतमध्ये कोण, असं काकांनी विचारलं. तुमची लेक अनू आहे की, मी म्हटलं. आणि अनूच कुठे अडकली तर? या माणसाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

गंमत बाजूला ठेवू. अनू ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर तिकडेच आहे. नात झाली तेव्हापासून ती आईवडिलांना बोलावत होती आणि दर वर्षी काकांना काहीतरी सापडत होतं. कधी तिकडचं ऊन, कधी साथ, कधी शेजारच्या कुठल्या देशात उडालेली ठिणगी. नात शाळेत जायला लागली तरी काकूंनी तिला मांडीवर घेतलं नव्हतं. शेवटी या वर्षी काकूंनी कणीक मळता मळता सांगून टाकलं, "मी जाते. येत असाल तर या, नाहीतर घर सांभाळा." काकांनी घर सांभाळायचं कबूल केलं. काका भित्रे आहेत, यावर गल्लीचं एकमत झालं.

मग तयारी सुरू झाली. काकूंच्या प्रत्येक परकराला चोरखिसा शिवून झाला. त्यातून पैसे काढायचे तर काकूंना आधी आडोसा शोधावा लागणार होता, पण एवढा विचार कोण करतो! पासपोर्ट कोणालाही दाखवायचा नाही अशी सक्त ताकीद देऊन काकांनी त्याच्या झेरॉक्स आमच्याकडे, समोरच्यांकडे, किराणावाल्याकडे आणि दूधवाल्याकडे ठेवल्या. आमच्या बोळात टेबल टाकून विमानतळ उभा राहिला. काका तिथले साहेब. येण्याचं कारण काय, त्यांनी इंग्रजीत दरडावून विचारलं.

"नातीच्या वेण्या घालायला," काकू म्हणाल्या.

असं नाही, 'फॅमिली व्हिजिट' म्हणायचं, काका कळवळून सांगत होते. काकूंचं म्हणणं, खरं कारण वेण्यांचंच आहे तर साहेबाला सांगायला लाज कसली?

तिकिटाचा दिवस नेमका अमावास्येचा निघाला. तिकीट बदलायला काकू तयार नव्हत्या, तेव्हा काकांनी तोड काढली, प्रस्थान ठेवायचं. म्हणजे चांगल्या मुहूर्तावर प्रवासाची बॅग शेजारच्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला असं धरतात. शेजारचं घर म्हणजे अर्थात आमचं. एकदा निघालेली बॅग परत घरात न्यायची नाही, आणि काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्या बॅगेत. त्यामुळे त्या रोज सकाळी गोळी घ्यायला आमच्याकडे आणि काका दिवसातून चारदा बॅग तपासायला. माझी बायको नीता त्या दिवसांत चहाचं आधण उतरवतच नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी बॅगेत डबा ठेवला. काकांनी उघडून पाहिला आणि मटकन खाली बसले. अनारसे होते, वर छान खसखस. खसखशीला आखाती देशांत बंदी आहे, एवढ्यावरून माणसं तुरुंगात जातात, हे ते सांगत होते. आम्ही हसलो. मी मोबाइलवर शोधून पाहिलं आणि हसू जागच्या जागी थांबलं, कारण म्हातारा बरोबर होता. काकूंनी निमूट तीळ लावून नवीन अनारसे केले. जुने नष्ट करायची जबाबदारी काकांनी घेतली आणि आमच्याच पाटावर बसून एकट्याने पार पाडली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच भाचा दिल्लीहून गाडी घेऊन आला. काकूंच्या हातावर नीताने दही घातलं. गाडीत ऐसपैस जागा होती, तरी काका दिल्लीपर्यंतसुद्धा गेले नाहीत. गाडी वळली, काकांनी घराला कुलूप घातलं आणि सरळ आमच्याकडे येऊन बसले ते उठेनातच. आधी भाच्याला फोनवर फोन. मग विमान सुटलं तसा माझा मोबाइल ताब्यात घेतला, कारण त्यात नकाशावर विमान सरकताना दिसतं. दुपारी नीताने पान वाढलं, तर पाण्याशिवाय कशाला शिवले नाहीत. विमान समुद्रावर आलं आणि त्यांच्या कपाळाला घाम फुटला.

माझा पारा चढला. एवढा जीव खालीवर होतो तर बरोबर का गेला नाहीत, मी जरा जोरातच विचारलं.

काका नकाशावरून नजर न काढता म्हणाले, "दोघांनी एका विमानात बसायचं नाही रे. अनूला ना भाऊ ना बहीण. काही बरंवाईट झालं तर पोरीला एक तरी माणूस उरला पाहिजे."

इंदूरच्या लग्नांना काकू सकाळच्या गाडीने जायच्या आणि काका रात्रीच्या, ते आठवलं. गल्ली म्हणायची, पटत नाही दोघांचं. मीही म्हणायचो. मला त्या माणसाची फार माया आली, आणि आपल्या जिभेची लाज वाटली.

मग आधी तुम्ही जाऊन यायचं, मी म्हटलं.

"ती इथे एकटी राहिली असती का?" काका म्हणाले.

दिवेलागणीला काकूंचा फोन आला. पोचल्या होत्या. अनू घ्यायला आली होती आणि नातीने जो हात धरला होता तो सोडत नव्हती. जेवलात का, काकूंनी विचारलं. पोटभर, काकांनी ठोकून दिलं. मग माझा मोबाइल पुसून परत दिला, चला, जातो म्हणाले, आणि गेले.

थोड्या वेळाने मी दही आणायला निघालो, तर काका स्वतःच्या दाराशी उभे. हातात किल्ली, कुलूप तसंच. मला वाटलं कुलूप अडकलं.

"लागत नाही का किल्ली?"

"लागते रे," काका म्हणाले. "आत कोणी नाहीये."

मी किल्ली घेतली, कुलूप काढलं आणि आधी आत जाऊन दिवा लावला. काका उंबऱ्याबाहेरच होते. या, मी म्हटलं, तेव्हा चपला काढून आले आणि स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे खुर्चीच्या काठावर टेकले.

"तुला घाई नाही ना?" त्यांनी विचारलं. "बस जरा."

मी बसलो.