कोल्ह्यांची हजेरी

आमच्या शेजारचे आबा हवालदार रोज सकाळी ओढ्याकाठी जाऊन कोल्ह्यांची हजेरी घेत. कोल्हे काही रांगेत उभे राहत नसत; आबा चिखलातले पायांचे ठसे मोजत आणि परत येताना मला सांगत, "मास्तर, आज पाच. एक रजेवर हाय."

लढाई संपल्यावर ते पलूसजवळच्या आमच्या गावी परतले होते. मी तिथल्या शाळेत नवा मास्तर. "ह्येच्या मागं काय हाय, ते बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गाय कमी दूध देऊ लागली, तर ते कारण शोधत पार माळावरच्या गवतापर्यंत जात. एकदा माझं पोट दुखलं, तेव्हा औषध राहिलं बाजूला. आधी माझ्या विहिरीची तपासणी झाली.

त्या सुमारास जो तो ऊस लावू लागला होता. गुऱ्हाळाच्या चुलीला जळण हवं, म्हणून ओढ्याकाठची झाडी तुटली. कोल्हे ऊस खातात, म्हणून कुत्री घालून त्यांनाही हाकललं. आबांनी चावडीवर सांगून पाहिलं, की कोल्हा दोन कांड्या खाईल, पण उंदरांना आवरील. लोक हसले. कुणीतरी त्यांना कोल्ह्यांचे सुभेदार म्हणालं. आबांना त्यातली बढती तेवढी आवडली.

पुढच्या हंगामात उंदरांनी शेतंच्या शेतं कुरतडली. आबांनी मात्र ओढ्याकाठच्या आपल्या बांधालगत झाडीचा एक पट्टा राखला होता. हाकललेले कोल्हे तिथंच येऊन राहिले होते आणि आसपासचा ऊस शाबूत होता. मग एका सकाळी पाटलांनी सगळ्यांना बोलावलं. ओढ्याकाठी प्रत्येकानं तसाच पट्टा सोडायचं ठरलं आणि आबांना फेटा बांधला गेला.

परतताना मी त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक केलं. आबांनी मागं कुणी नाही ना, ते बघितलं. मग म्हणाले, "तुमाला म्हनून सांगतो. कोल्ह्यांचं मला मागनं कळलं. मी लढाईवर हुतो तवा आमची मंडळी त्या पट्ट्यातल्या बोरीखाली बसून रडायची. घरात रडायची चोरी. मी यायच्या आदीच गेली ती. शेजारनींनी सांगितलं मला."

त्यांनी फेटा उतरवून काखेत धरला.

"तिच्या बसायच्या जागंवर कोयता कसा चालवू, मास्तर?"

घराकडचं वळण आलं. आबा न वळता ओढ्याकडे निघाले. मला शाळेला उशीर होत होता, तरी मीही त्यांच्याबरोबर गेलो.