आजोबांना दहा, धाकटीला एक

घरात आलेली नवी वस्तू आधी मोठ्यांनी वापरायची, मग लहानांनी. का, असं विचारायचं नाही. या एका नियमापायी धाकटीने आजवर पाय डुगडुगणारी खुर्ची, कान तुटलेला कप आणि आत्याने 'जरा चाळून देते' म्हणून नेलेली, शेवटची पानं गळालेली पुस्तकं निमूट वापरली होती. पण शॉकवेव्हचं यंत्र? ते तर तिच्याच टाचेसाठी आलं होतं!

अग्निशमन दलाच्या भरतीची धावण्याची चाचणी तीन आठवड्यांवर आली होती आणि सरावात तिच्या टाचेमागची शीर दुखावली होती. फिजिओथेरपिस्टबाईंनी दुखऱ्या जागी ठोके देणारं, घरी वापरायचं छोटं यंत्र तिला दिलं, वर बजावलं, "आठवड्यातून एकदा. आकडा तीन. बाकी कोणी हात लावायचा नाही." (बाई बहुधा एकट्या राहत असाव्यात.)

यंत्र दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखं, आवाज सुतारपक्ष्यासारखा. आजोबांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"किती आकडे आहेत यात?"

"दहा. पण मला तीनच..."

"मग माझ्या गुडघ्याला दहा लाव."

"आजोबा, तो मान नाही, जोर आहे!"

"मग? वयाला शोभेल एवढा जोर नको?"

झालं. आजोबांना दहा म्हटल्यावर आत्याला नऊ, आणि आत्याचे धाकटे भाऊ म्हणून बाबांना आठ. धाकटीच्या वाट्याला एक. यंत्र धरायचं काम मात्र लहानांचं. म्हणजे दुखऱ्या टाचेवर उकिडवं बसून तिने तिघांचे गुडघे ठोकायचे!

ठकठक सुरू झाली तशी आजोबांची कवळी त्याच तालावर वाजू लागली.

"दुखतंय का?"

"छे! गु-गु-गुदगुल्या होतायत."

आत्याचे डोळे भरून आले. "मगाशी कांदा चिरला ना," ती म्हणाली. (त्या दिवशी घरात कांदा नव्हता.) बाबा तर ओरडणारच होते, पण बहीण नऊ सोसून बसली होती, म्हणून त्यांनी उशी चावली.

रोज संध्याकाळी हेच. मोठ्यांचं होईस्तोवर यंत्र तापून बंद पडायचं आणि धाकटीची पाळी उद्यावर जायची. गुरुवारी आजोबा भिंत धरून चालू लागले, आत्या जिना बसून उतरू लागली.

"बरं व्हायच्या आधी दुखतंच," स्वतःचा पाय दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवत बाबा म्हणाले.

शुक्रवारी धाकटीचं डोकं फिरलं. तिने यंत्राचा चार्जर उंच कपाटाच्या माथ्यावर भिरकावला. आता बघूच कोणाचा हात पोचतो ते! स्वतःच्या हुशारीवर ती बेहद्द खूष झाली.

शनिवारी आजोबांनी खुर्चीत बसून पायजमा वर सरकवला. "चल, लाव."

"नाही लावणार."

"काय म्हणालीस?" आत्या कडाडली.

"नाही म्हणाले. आठवडा गेला माझा, तुमच्या गुदगुल्यांत! चाचणीत मी धावणार आहे की तुम्ही? ज्याच्यासाठी आणलंय तो आधी, असा नवा नियम. आणि का, असं मला विचारायचं नाही! तिघांपैकी एकाचा तरी गुडघा बरा झालाय? मग राहा बघू उभे!"

कोणी उभं राहिलं नाही. आजोबांनी हळूच पायजमा खाली केला.

धाकटीने ऐटीत टाचेमागे जेल चोपडलं, आकडा तीनवर आणला आणि बटण दाबलं. यंत्राने एकदाच 'ठक्' केलं. पडद्यावर रिकाम्या बॅटरीचं चित्र चमकलं आणि तो काळा झाला.

धाकटीने मान वर करून कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं. मोठ्यांनीही पाहिलं. धाकटी चवड्यांवर उभी राहायला गेली, तर टाचेतून कळ गेली. आणि स्टुलावर चढेल असा एकही पाय घरात उरला नव्हता.

तरी कोणी हसलं नाही. हसताना अंग हलतं, आणि अंग हललं की गुडघा दुखतो.