पहिला नंबर भूतानचा

शाळेचा निकाल वर्षातून एकदा लागतो, उस्मानचाचांचा रोज लागतो. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात चाचांचं जळालेल्या पंपांच्या मोटारी तांब्याच्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे. दाराशी एक फळा. त्यावर शेजारी देशांचे नंबर. पाणी, ऊन, वारा यांच्यापासून वीज करण्यात कोण पुढे, कोण मागे.

चाचा म्हणतात, "बांगलादेश पाहा. खेड्यातल्या टिनाच्या छपरावर सोलर प्लेटा चढवल्या. मेहनती पोरगं!" लंकेवर नाराजी: "ऊन हाय, वारा हाय, अभ्यासात मन पाह्यजे."

पाकिस्तानात लोक आपापल्या छतांवर प्लेटा बसवताहेत, हे कळल्यावर चाचांनी त्याला वर चढवलं. चौकातला एक जण भडकला, "चाचा, त्याहिले मार्क?"

"पेपर तपासताना नाव झाकून ठेवा लागते, बेटा."

"आन् आपला नंबर?"

"घरच्या पोराचा पेपर मी नाई तपासत."

शेजाऱ्याचं नाव निघताच दात-ओठ खायच्या या दिवसांत असा फळा माझ्या गल्लीत आहे, याचा मला अभिमान आहे.

पहिला नंबर मात्र कायम भूतानचा. "लहानसा देश. आपल्या नदीची वीज शेजाऱ्याले देते, आन् गाजावाजा नाई."

यावरूनच वानखडेकाकांशी बिनसलं. काका निवृत्त कंडक्टर, रोज संध्याकाळी चाचांकडे चहाला. त्यांचा हट्ट, नेपाळ पहिला. "बुद्ध तिथं जन्मले!"

"वानखडे, परीक्षेत वशिला नाई चालत."

काका उठून गेले ते पुन्हा चहाला आलेच नाहीत. चाचा तरी रोज दोन कप मांडायचे. विचारलं तर म्हणायचे, "एक फुटला तं?"

चाचांचं दुकान आणि काकांचं घर यांच्या मधे आमचं घर.

यंदा मे महिन्यात गल्लीची डीपी जळली, सगळ्यांची वीज गेली. काका नुकतेच ऑपरेशन होऊन आलेले, तापलेल्या टिनाच्या छपराखाली तळमळत होते. भर दुपारी चाचा वायर आणि स्वतःचा पंखा घेऊन माझ्या छतावर हजर.

"नेपाळची वीज बांगलादेशाले कुठून जाते?"

"आपल्या देशातून."

"मंग आज तू हिंदुस्तान. तार जाऊ दे, आन् तोंड बंद ठेव."

चाचांकडे सोलर प्लेट एकच, एका पंख्यापुरती. काकांचा डोळा लागला होता, मी पंखा उशाशी लावून दिला. तिकडे चाचा दुकानात पुठ्ठ्यानं वारा घेत बसले.

काका जागे झाले. "बिजली नाई, मंग हा काहून फिरून राह्यला?"

हिंदुस्तान गप्प. काकांनी खिडकीतून तार पाहिली; ती माझ्या छतावरून चाचांच्या दुकानाकडे गेली होती.

दुसऱ्या सकाळी फळ्यावर पहिला नेपाळ होता. काका काठी टेकत आले, फळा वाचला आणि ओरडले, "उस्मान! हे काय लिवलं? पहिला भूतान!"

"नेपाळ!"

"भूतान म्हनतो ना मी!"

भांडता भांडता चाचांनी दुसरा कप भरला.

नवी डीपी केव्हाच आली. छतावरची तार मी अजून काढलेली नाही.