केरोबा भेकर आणि घुम्या ओढ्याचा साकव

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता. जंगलाच्या दृष्टीने ओढा एक होता. ओढ्याच्या दृष्टीने मात्र जंगले दोन होती, एक अलीकडचे आणि एक पलीकडचे. ओढा खोल घळीतून घुमत जाई, म्हणून सगळे त्याला घुम्या ओढा म्हणत.

ओढ्यावर साकव होता. साकव म्हणजे दोन्ही काठांना टेकलेले एक आडवे झाड. त्यावरून प्राणी ये-जा करत. गेल्या पावसाळ्यातल्या पुरात ते झाड वाहून गेले.

याचा त्रास सर्वांना झाला, असे म्हणणे अचूक ठरणार नाही. सांबर आणि भेकरे उडी मारून पलीकडे जात. वानर फांद्यांवरून जात. पक्ष्यांना साकव होता, हेच ठाऊक नव्हते. त्रास झाला तो उंदरांना, सायाळांना आणि सशांना. आणि सशांमध्ये सर्वांत अधिक चंद्राक्काला.

चंद्राक्काची एकुलती एक लेक बकुळा पलीकडच्या जंगलात दिली होती. श्रावणात तिचे पहिले बाळंतपण होते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची सशांची रीत असते. पण साकव नसल्यामुळे लेकीला इकडे येता येत नव्हते आणि आईला तिकडे जाता येत नव्हते.

त्याच सुमारास देशातील सर्व जंगलांच्या महासभेची निवडणूक झाली. अलीकडच्या जंगलाने केरोबा नावाच्या भेकराला निवडून दिले. केरोबाचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे ऐकू जाई. त्याची पात्रता याहून अधिक तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही.

निरोपाच्या वेळी चंद्राक्का पुढे आली. तिने केरोबाला अंगावर ठिपके असल्यापासून पाहिले होते.

"केरोबा, तिथं जाऊन माझ्यासाठी बाकी काही मागू नकोस," ती म्हणाली. "एक ओंडका माग. बकुळाला श्रावणाआधी घरी आणायचीय."

"आक्का, तुझ्या लेकीला मी स्वतः साकवावरून उतरवून घेईन," केरोबा म्हणाला.

मुलांनो, हे बोलताना तो खरे बोलत होता. ही गोष्ट नोंदवणे न्यायाला धरून होईल.

महासभा राजधानीच्या जंगलात एका प्रचंड वडाखाली भरे. सभापती घुबड होते. सभा दिवसा भरत असल्यामुळे ते बहुतेक वेळ झोपलेले असत, आणि त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल कोणीही शंका घेतलेली नव्हती. ओढे व ओहळ खाते उंटाकडे होते. उंटाने आयुष्यात ओढा पाहिलेला नव्हता. साहजिकच कोणत्याही ओढ्याविषयी त्याच्या मनात पूर्वग्रह नव्हता.

केरोबाची पाळी आली. त्याचे पाय थरथरत होते.

"सभापती महोदय," तो म्हणाला, "आमच्याकडं ओढा आहे. साकव वाहून गेला. पलीकडं एक लेक पोटुशी आहे. अलीकडं तिची आई रोज काठावर येऊन बसते. आम्हाला एक ओंडका द्या."

सर्वांनी खुरांनी आणि पंजांनी जमीन बडवली. विरोधी बाकांवरील तरसाने डोळे पुसले. हत्तीने नाक शिंकरले; त्यामुळे पुढील थोडे कामकाज ऐकू आले नाही. सभापतींनाही जाग आली.

उंट उभा राहिला. "माननीय सदस्यांनी माझ्या काळजाला हात घातला आहे. हा प्रश्न इतका गंभीर आहे, की मी त्यावर दोन उपाय करतो. ओंडका पाठवतो. आणि ओंडक्याची खरोखर गरज आहे का, हे पाहण्यासाठी एक समितीही पाठवतो."

"आधी काय पाठवणार?" एका कोल्ह्याने विचारले.

"दोन्ही तातडीने," उंट म्हणाला आणि खाली बसला. उंटाला खाली बसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात पुढचा विषय संपला.

केरोबाचे भाषण साळुंक्यांनी जसेच्या तसे जंगलात आणले. उंदरांच्या पिल्लांना ते पाठ झाले. शेजारच्या जंगलातले प्राणी घुम्या ओढा पाहायला येऊ लागले. "हाच का तो?" ते विचारत. "हाच तो," सायाळ अभिमानाने सांगे आणि जिथे साकव नव्हता ती नेमकी जागा दाखवी.

केरोबाचा विश्वासू कार्यकर्ता म्हणजे नागोजी मुंगूस. त्याने तत्काळ सत्कार समिती स्थापन केली आणि तिचे अध्यक्षपद कोणी देण्याआधीच स्वीकारले.

आषाढाच्या सुरुवातीला, मुलांनो, एक अनपेक्षित घटना घडली. ओंडका खरोखरच आला.

तीन हत्ती तो ढकलत घेऊन आले. चांगला सागाचा, सरळ, लांब ओंडका होता. हत्तींच्या मुकादमाने विचारले, "कुठं टाकायचा?"

चंद्राक्का धावतच पुढे आली. "इथं दादा, इथं! आडवा टाका. ते टोक पलीकडच्या खडकावर जाऊ दे."

"थांबा!" नागोजी ओरडला. "आक्का, जरा डोकं चालवा. समिती येणार आहे. अडचण बघायला येणार आहे. साकव पडलेला दिसला, तर तिला दाखवायचं काय? माझी शेपूट?"

"मग आत्ता टाका. समिती आली की घटकाभर बाजूला काढा."

नागोजीच्या चेहऱ्यावर वेदना उमटली. "म्हणजे समितीला खोटी अडचण दाखवायची? साहेबांना तोंडघशी पाडायचं? आपली अडचण खरी आहे, आक्का. ती खरीच राहिली पाहिजे."

जमलेल्या प्राण्यांना हा मुद्दा पटला. सत्याची बाजू घेण्याची संधी त्यांना वरचेवर मिळत नसे.

"काठापर्यंत पोचवा, एवढंच आम्हाला सांगितलंय," मुकादम म्हणाला. "उभा-आडवा तुमचं तुम्ही बघा."

हत्तींनी ओंडका काठाला समांतर ठेवला आणि ते निघून गेले. सगळ्यांनी मिळून जोर लावला असता, तर तो फिरवता आला असता. चंद्राक्काने एकटीने लावून पाहिला.

काही दिवसांनी केरोबा राजधानीतून परतला. गळ्यातले हार उतरण्यापूर्वीच चंद्राक्का त्याला काठावर घेऊन गेली.

"बघ, ओंडका आलाय. नुसता फिरवायचाय. तू सांगितलंस तर सगळे हात लावतील. पोरीचे दिवस भरत आलेत रे."

केरोबाने ओंडक्याकडे पाहिले. त्याचे कान खाली आले. तो काही बोलणार होता. पण नागोजी त्याच्या कानाशी लागला.

"साहेब, वरच्या रानातल्या गव्यांचं बघा. पाणी आहे, चारा आहे, सगळं आहे. त्यांचा प्रतिनिधी पाच वर्षं नुसता बसून आला. सभेत बोलायला उभं राहायला काही निमित्तच नाही बिचाऱ्याला. तुम्हाला तसं व्हायचंय?"

केरोबाने ओंडक्यावरची नजर काढून घेतली.

"आक्का," तो मग म्हणाला, "समिती चार दिवसांत येईल. मी शब्द टाकून आलोय."

"शब्द मलाही दिला होतास."

"तोच पाळतोय ना, आक्का. पण रीतसर पाळायला नको का?"

समिती श्रावणात आली. अध्यक्ष अस्वल होते, सदस्य मोर होता. पाऊस पडून जमीन ओली झाली होती, म्हणून दोघांना ओंडक्यावर बसवण्यात आले. त्यांनी घळीत डोकावून पाहिले.

"साकव कुठे आहे?" अस्वलाने विचारले.

"नाही, महाराज," सगळे एकसुरात म्हणाले.

"म्हणजे अडचण खरी आहे. इथे एक ओंडका हवा."

"साहेब, ओंडका आहे," चंद्राक्का म्हणाली. "तुम्ही त्याच्यावरच बसलाय."

अस्वलाने वाकून खाली पाहिले. "हे तर आसन आहे."

"आणि उत्तम आसन आहे," मोर म्हणाला. "अहवालात स्थानिकांच्या आतिथ्याचा उल्लेख करायला हवा."

"अवश्य. आणि अहवाल सभेपुढे येईपर्यंत इथली कोणतीही वस्तू हलवू नये. पाहणी केली तशी जागा राहिली पाहिजे."

मग केरोबाचा सत्कार झाला. त्याला ओंडक्यावर उभे करण्यात आले. दोन्ही बाजूंना अस्वल आणि मोर बसले. नागोजी टोकावर बसला. उरलेल्या जागेत जंगलातले सगळे मान्यवर बसले, आणि मान्यवर नसलेले त्यांच्या मागे दाटीने उभे राहिले.

केरोबा बोलू लागला. आता त्याचे पाय थरथरत नव्हते. आईच्या काळजाचे वर्णन तो करत असतानाच पलीकडच्या काठावरील झुडूप हलले आणि बकुळा बाहेर आली.

ती अशक्त दिसत होती. तिने एक पिल्लू उचलून दाखवले. मग दुसरे. आणि ती काहीतरी ओरडून सांगू लागली.

"केरोबा, थांब रे!" चंद्राक्का गर्दीतून पुढे घुसली. "घटकाभर थांब. माझी लेक काय म्हणतेय, ऐकू दे मला."

केरोबाने तिचे ऐकले. तो एक श्वासभर थांबलाही. पण वक्ता थांबला की टाळ्या वाजवायच्या असतात, एवढे त्या श्रोत्यांना आता कळू लागले होते. टाळ्या सुरू झाल्या.

"बघा, बघा!" नागोजी उडी मारून ओरडला. "पलीकडच्या काठावरूनही पाठिंबा! लेकरं उंच धरून साहेबांना मानवंदना देताहेत!"

सगळे वळले. टाळ्यांचा कडकडाट इतका वाढला, की घुम्या ओढ्याचाही आवाज ऐकू येईना. केरोबाने पलीकडच्या काठाकडे तोंड केले आणि नम्रपणे मान झुकवली.

तिसरे पिल्लू बकुळाने उचलले नाही. ते तिच्या पायाशी पडून होते. त्याच्याकडे पाहत ती काहीतरी सांगत राहिली, विचारत राहिली. काय विचारत होती, हे चंद्राक्काला ऐकू आले नाही.

पुढील अधिवेशनात केरोबाने हाच प्रसंग महासभेपुढे मांडला. अलीकडे उभी असलेली आई, पलीकडे हाक मारणारी लेक, मध्ये ओढा. त्याने सांगितलेल्यातला एकही शब्द खोटा नव्हता. सभापतींसह सर्वजण उभे राहिले. उंटाने आणखी एक ओंडका मंजूर केला. कारण अहवालात असे स्पष्ट म्हटले होते, की समितीच्या सर्व सदस्यांना ऐसपैस बसण्यासाठी पहिला अपुरा पडतो.

तात्पर्य: मुलांनो, आपला प्रश्न मोठ्या सभेत मांडण्यापूर्वी तो चुकून सुटणार नाही, याची नीट खात्री करून घ्यावी. सुटलेला प्रश्न फार तर एखाद्या सशिणीच्या उपयोगी पडतो. न सुटलेल्या प्रश्नावर मात्र सगळ्यांना बसता येते.