खांबेटे काकांची मुकी मोटर

आधी खांबेटे काकांचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. डॉक्टर खांबेटे, राहणार कॅसल हिल. आज मी सिडनीत कामावर टिकून आहे तो या माणसामुळे. आता हा माणूस सायकलच्या मोटरला स्टेथोस्कोप लावतो, त्याला माझा इलाज नाही.

क्वेकर्स हिलच्या आमच्या इलेक्ट्रिक सायकलींच्या दुकानात ते पहिल्यांदा आले, तेव्हाच नळी कानांत घातली. मला चाक उचलून धरायला लावलं, मोटर सुरू करायला सांगितली आणि डोळे मिटून ऐकत बसले. "हिला दमा आहे," म्हणाले. दुसरीला, "ही घोरते." तिसरीपाशी नुसतीच मान हलवली. पेशंटच्या नातेवाइकांसमोर हलवतात तशी.

काका भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर. उंच, किडकिडीत, खाली हाफ पँट आणि वर कडक इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. "झोपवणं कुणालाही जमतं रे, उठवणं अवघड," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चहा गार झाला तरी तेच, सरकार पडलं तरी तेच. आणि हा सदाशिव पेठेतला माणूस चक्क हरणांच्या शिकारीला जायचा! लायसन्स, बंदूक, सगळं रीतसर. ओळखीच्या एका शेतावर, जिथं हरणांनी पिकांचा फडशा पाडलेला.

"इचलकरंजी," ते मला गावाच्याच नावानं हाक मारत, "मला रानात नेणारी, मारलेलं हरीण ट्रेलरवर ओढून आणणारी आणि तोंड न उघडणारी मोटर पाहिजे. तिन्ही गोष्टी. दोन नाही चालणार."

इचलकरंजीत मी यंत्रमागाच्या जळालेल्या मोटरी भरायचो, म्हणजे जुनी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायचो. नववीत शाळा सोडली ती कायमची. बायको नर्स, तिच्या व्हिसावर इथं आलो. दुकानाचे मालक हरप्रीत पाजी, त्यांनी मला तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं होतं आणि तिसरा महिना संपत आला होता. "डॉक्टर साब की मोटर तू चुनेगा," पाजी म्हणाले, "सही निकली तो तू पक्का. गड़बड़ हुई तो सॉरी, यार."

त्या दिवसापासून मी दुकानातली एकेक मोटर काढून बघत सुटलो.

शेवटी निवडीत मोटरी दोन उरल्या. एक पेडलपाशी बसणारी. ती सायकलचे गिअर वापरते, पण चढावर बारीक कण्हते. दुसरी मागच्या चाकातच बसणारी, अगदी मुकी. मी दोन्ही हातांत तोलून बघितल्या. आमच्या वर्कशॉपमध्ये शिकवण एकच होती, ज्यात तांबं जास्त ती मोटर भारी. चाकातली चांगलीच जड लागली.

"हीच घ्या, काका."

"तिची पुस्तिका वाचलीस?"

"हो, काका."

धादांत खोटं. साठेक पानांचं इंग्रजी! बायको वाचून दाखवायची, पण त्या आठवड्यात तिला डबल शिफ्ट होत्या. आणि नर्सच्या नवऱ्याला इंग्रजी वाचता येत नाही हे कुणाला कशाला कळायला हवं?

रविवारी सकाळी काकांच्या घरासमोरच्या चढावर ट्रायल ठरली. ट्रेलरवर हरणाऐवजी सोना मसुरी तांदळाच्या तीन गोण्या. काकांनी त्या दोरीनं आवळल्या, एका गोणीवर थाप मारली. "चांगलं पोसलंय," म्हणाले.

निघाले. अगदी पायी चालल्यासारखं, सावकाश. मी शेजारून चालत होतो.

"काका, जरा वेग घ्या."

"हरीण वेगाला बुजतं. हळू!"

कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई थांबली. "यू राइट, मेट?" बरे आहात ना, असं तिनं काळजीनं विचारलं. काकांनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं. ती बिचारी कुत्र्याला घेऊन पुटपुटत गेली. मोटर खरंच मुकी होती. चाकाखालची वाळू तेवढी करकरत होती. काकांचा चेहरा उजळला. "ऐक, इचलकरंजी. काही नाही! घेतली बघ ही. हरप्रीतला आत्ताच फोन करतो."

म्हणजे मी पक्का झालो.

आणि तेवढ्यात वास आला. अगदी पुसट. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. पण मी त्या वासात लहानाचा मोठा झालोय. तारेवरचं वार्निश तापून जळायच्या आधी गोडसर, घशाला लागणारा वास सुटतो. मी खाली वाकून मोटरपाशी हात नेला. धग लागली.

गप्प बसलो असतो तर? चढ संपायला आला होता. फोन झाला असता, नोकरी पक्की झाली असती. मोटर जळायची ती पुढं कधीतरी रानात जळली असती. एकटा सत्तरीचा माणूस, मागं मेलेलं हरीण, फोनला रेंज नाही.

"काका, थांबा! उतरा! मोटर जळायला आली!"

ते उतरले. मी तिथंच रस्त्याकडेला सगळं सांगून टाकलं. पुस्तिका वाचली नाही, वाचता येत नाही, तांब्याच्या वजनावर मोटर निवडली, सगळं.

काकांनी ट्रेलरमधली एक गोणी खाली ओढली आणि तिच्यावर बसले. "आण ती पुस्तिका. अक्षरं येतात ना? मग लावून वाच." मी अडखळत वाचत गेलो, ते एकेक शब्द सोडवून देत गेले. बाराव्या पानावर चौकटीत लिहिलं होतं, ओझं घेऊन लांब चढ सावकाश चढू नये. बारावं पान! मान वर करवेना.

"म्हणजे पेडलवाली," मी म्हणालो. "गिअर हलका टाकला की चाक हळू फिरलं तरी मोटर जोरात फिरते, तापत नाही. पण काका, ती कण्हते. थोडा आवाज चालवून घ्या ना."

काका गोणीची शिवण चाचपू लागले.

"एकवीस वर्षं मी आणि कॉलिन जायचो," ते म्हणाले. "आमच्या हॉस्पिटलातला वॉर्डबॉय. हरीण काठीला बांधायचं, पुढचं टोक त्याच्या खांद्यावर, मागचं माझ्या. गाडीपर्यंत तीन-तीन तास चालायचो, एक अक्षर बोलायचा नाही. मागच्या हिवाळ्यात गेला. म्हटलं, ओझं ओढायला मोटर मिळेल, पण ती त्याच्यासारखी गप्प तरी असावी." मग उठून गोणी पुन्हा ट्रेलरवर चढवायला लागले. "चल. कण्हणारी तर कण्हणारी."

सोमवारी त्यांनी पाजींसमोर सगळं खरं सांगितलं, माझं खोटं बोलणंसुद्धा. वर म्हणाले, "तापलेल्या मोटरचे पैसे मी देतो. पण होत आलेली विक्री ओरडून थांबवणारा माणूस तुला दुसरा मिळणार नाही." पाजी दाढी खाजवत राहिले, मग पक्क्या माणसांना मिळणारा, दुकानाच्या नावाचा टी-शर्ट माझ्याकडे फेकला.

दर शनिवारी काका अजून येतात, माझ्याकडून एक पान वाचून घेतात. त्यांची मोटर कधी जळली तर ती मी माझ्या हातानं भरून देईन, पण एवढ्यानं त्यांचं ऋण काही फिटत नाही. बंदुकीच्या आवाजानं माझी गाळण उडते, रक्त बघवत नाही. तरी एक दिवस, काका, सायकल घरीच ठेवा. काठीचं पुढचं टोक मी धरीन, आणि गाडीपर्यंत एक शब्द बोलणार नाही.