अत्तार मामांच्या नोंदी

अत्तार मामांनी माझ्यादेखत आयुष्यात एकच वस्तू कचऱ्यात टाकली, आणि तीही चुकून. पेनची संपलेली रिफिल समजून नवी टाकली. संपलेली तशीच खिशात राहिली. पुढचे काही दिवस ते हळहळत होते, पण नवी रिफिल गेली म्हणून नव्हे. "मी टाकायला गेलोच कशाला," याचं त्यांना वाईट वाटत होतं.

सणसवाडीच्या एका रबराच्या कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर खात्यात होतो. खातं म्हणजे स्टोअरच्या माडीवरची एक खोली. मामा न्हावऱ्याचे. लागले इलेक्ट्रिशियन म्हणून, पुढं कॉम्प्युटर आले तेव्हा कंपनीनं त्यांनाच कोर्सला पाठवलं. वयानं ते माझ्यापेक्षा बरेच मोठे. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, प्लांट मॅनेजरसुद्धा. मामा उलट प्रत्येकाला 'राव' लावायचे. मी विलासराव.

आमच्या खोलीत बिघडलेले माउस, शेपट्या तुटलेल्या वायरी, जळालेल्या ट्यूबा आणि एक पाय नसलेली खुर्ची असा परिवार होता. मी विचारायचो, "मामा, हे भंगारात देऊ का?"

"असू द्या," मामा म्हणायचे. "खायला मागतंय का ते?"

अशा माणसाच्या हाती कंपनीनं नोंदींचा कॉम्प्युटर दिला. रबर दाबायचे सगळे प्रेस, बॉयलर, कॉम्प्रेसर त्याला जोडलेले होते. मशीन चालू झालं, बंद पडलं, तापलं, दार उघडलं, की त्याची एक ओळ आपोआप त्यात उमटायची. कुठल्या घटना नोंदवायच्या ते आपण निवडायचं होतं. समोर चौकोन दिलेले, हवं तिथं खूण करायची. मामांनी सगळ्या चौकोनांत खुणा केल्या. त्यात एक घटना होती 'सगळं ठीक'. म्हणजे काहीच बिघडलेलं नाही, हे प्रत्येक मशीन दर काही सेकंदांनी कळवणार.

मी म्हटलं, "मामा, बिघडलं तर कळेलच की. ठीक आहे हे कशाला लिहून ठेवायचं?"

"बिघडल्याचं कुणीबी सांगतं, विलासराव. बरं हाय म्हणून कोण सांगतं? आन् गप हाय म्हंजी बरं हाय, असं कुणी ठरवलं?"

मी खुणा तशाच राहू दिल्या. मशीनी बोलत राहिल्या. सणावारी कारखाना बंद असला तरी कॉम्प्रेसर आपला रिकाम्या शेडमधून कळवत राहायचा, सगळं ठीक. सुट्टीवरून आलं की मामा ते पडद्यावर वाचायचे आणि गावाकडून खुशाली आल्यासारखी मान हलवायचे.

व्हायचं ते झालं. एका सकाळी पहिल्या पाळीची माणसं मशीनपाशी उभी, आणि एकही प्रेस चालू होईना. नोंद झाल्याशिवाय प्रेस चालू होऊ द्यायचा नाही अशी रचना होती, आणि नोंदी ठेवायची जागा तर पूर्ण भरलेली. मॅनेजर जिना चढून वर आले. ते एरवी कधी जिना चढत नसत. पुण्याच्या ज्या लोकांनी ती यंत्रणा बसवली होती, त्यांना मी फोन लावला. पलीकडचा इंजिनिअर हसला आणि म्हणाला, "जुन्या नोंदी डिलीट करा. नव्वद टक्के तर 'सगळं ठीक'च आहे."

मी मामांना निरोप सांगितला. मामा खुर्चीत ताठ झाले.

"पुसायचं?"

"जुनं तेवढंच, मामा."

"जुनं म्हंजी घडून गेलेलं. ते कसं पुसायचं?"

मॅनेजर म्हणाले, "मामा, खाली दीडशे माणसं बसून आहेत."

तरी आधी सगळ्याची सीडीवर नक्कल करून घेतल्याशिवाय मामांनी हात लावला नाही. नक्कल होईस्तोवर मॅनेजर त्या तीन पायांच्या खुर्चीवर तोल सावरत बसले होते. मग मामांनी डोळे मिटून बटण दाबलं. बरंच काही पुसलं गेलं, आणि नोंदींची फाइल होती तेवढीच राहिली. मामांचा चेहरा उजळला.

"बघा. पुसूनबी जागा सोडत न्हाई. मी म्हणत हुतो."

पुन्हा फोन केला. पुसलं तरी रिकामी जागा फाइल स्वतःकडेच धरून ठेवते, तिला वेगळं आवळावं लागतं, असं कळलं. गहू काढून घेतले तरी कणगीचा घेर तेवढाच राहतो, तसं. ते आवळणं झालं आणि दुपारी प्रेस सुरू झाले. मॅनेजरनी खाली जाता जाता हुकूम सोडला, 'सगळं ठीक' बंद.

मामा त्यांच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेले. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण तोडगा निघाला. ठीक असल्याचं मशीननं तासाला एकदा कळवायचं, आणि महिन्यापेक्षा जुनं ते दर सोमवारी मामांनी स्वतः पुसायचं. मामांनी ते इमानानं केलं. फक्त सोमवारी दुपारपर्यंत ते कुणाशी बोलत नसत. चहावालाही त्या दिवशी कप ठेवून मुकाट निघून जायचा.

त्याच वर्षी माझी बायको सुनीता बाळंतपणासाठी दौंडला माहेरी गेली होती. एका सकाळी मेव्हण्याचा कारखान्यात फोन आला, "ताईला दवाखान्यात नेतोय, जरा अवघड आहे म्हणतात." पुढं काही ऐकू येण्याआधी लाइन तुटली, आणि मग लागेचना. नेमके त्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब तपासणीला आलेले. मॅनेजर म्हणाले, "संध्याकाळी लगेच सोडतो." मी मधे मधे वर येऊन फोन फिरवत होतो आणि खाली साहेबांना मशीनी दाखवत होतो. काय दाखवलं ते आठवत नाही. मामा जागेवर नव्हते. नमाजाला गेले असतील असं वाटलं, मग तेही डोक्यातून गेलं.

पाच वाजता मामा जिना चढून वर आले. पांढऱ्या शर्टावर एसटीची धूळ. दम लागला होता. दारातूनच म्हणाले, "मुलगी झाली. दोघी चांगल्या हायेत. सासूबाईंनी बाहेर आणून दाखवली मला. नाक तुमच्यावर गेलंय, त्याला आता इलाज न्हाई."

मी त्यांना पाणी दिलं.

"दौंडातनं चारदा फोन केला," ते म्हणाले. "सारखा एंगेज. तुम्हीच धरून बसला आसाल."

मोटारसायकलवर त्यांना मागं घेऊन निघालो. न्हावरं वाटेतच होतं. त्यांच्या दारात पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मामांनी कुलूप काढलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांची बायको मरियमबी मी कामाला लागण्याआधीच वारली, एवढंच मला ठाऊक होतं.

"मामा, एवढी यातायात कशाला केलीत?"

ते कुलूप हातात खेळवत राहिले. "घरवालीला ताप येत हुता. माझ्या सलग पाळ्या चालल्या हुत्या तवा. कामात खोळंबा नको म्हणून तिनं काय सांगितलं न्हाई. मीबी इचारलं न्हाई. गप हाय म्हंजी बरं हाय, असं धरून चाललो."

"थांबा जरा," म्हणून आत गेले. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात एक दुपटं होतं, जुन्या साड्यांचं, बारीक टाक्यांचं, कडेला हिरवी पट्टी लावलेलं.

"तिनं शिवलं हुतं," मामा म्हणाले. "आमच्याकडं कुणी आलं न्हाई वापरायला."

मी म्हटलं, "मामा, हे राहू द्या तुमच्याकडं."

त्यांनी ते माझ्या पिशवीत घातलं, नीट दाबून बसवलं आणि पिशवीचे बंद स्वतः बांधले.

"पोरीला घालायच्या आधी धुवा आन् उन्हात टाका," ते म्हणाले. "डांबरगोळ्यांचा वास बसलाय त्याला."