पाठीवरच्या बकलाची रीतसर पडताळणी

माणसाचा हात सगळीकडे पोचतो, फक्त स्वतःच्या पाठीच्या मधोमध पोचत नाही. शेजार, समाज आणि समित्या या तिन्हींचा उगम या एका उणिवेत आहे. (पाठीला खाज सुटलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान लवकर पटते.)

आमच्या महिला हॉकी क्लबाला ते जरा उशिरा, म्हणजे या मोसमात पटले. आमची गोलकीपर व्यवसायाने शिंपीण. सामन्याआधी ती जे काही अंगावर चढवते त्याला एकूण चौदा पट्टे असतात. पायांच्या पॅडचे सहा, बुटांवर बांधायच्या किकरचे चार, कंबरेचा एक, गळ्याच्या गार्डचा एक, हेल्मेटचा एक. हे तेरा ती स्वतः बांधते. चौदावा छातीच्या कवचाचा. तो पाठीवर बकलात अडकवावा लागतो आणि तिथे तिचा हात जात नाही. हा सुटला की कवच घसरते, गळ्याखालचे हाड उघडे पडते, आणि हॉकीचा चेंडू काही कापसाचा नसतो.

नऊ वर्षे हा पट्टा तिची थोरली बहीण बांधत आली. थोरली बकल लावायची, पट्ट्याखाली बोटे घालून बघायची. "दोन जातात, तिसरं जात नाही. श्वास घे. सोड आता. हं, पळ," एवढे बोलून ती दोरीपलीकडे जाऊन बसायची. या नऊ वर्षांत धाकटीला साधे खरचटलेही नाही. क्लबाच्या दृष्टीने ही फार गंभीर बाब होती, कारण इजा का झाली नाही याची नोंद कुठेच नव्हती.

आमचे उपाध्यक्ष तेव्हा सुरक्षिततेवरच्या दोन दिवसांच्या शिबिराहून नुकतेच परतले होते. (तिथे त्यांचा पाय मुरगळला, पण जेवणाच्या सुट्टीत, त्यामुळे तो धरला जात नाही.) त्यांनी थोरलीला विचारले, "हा पट्टा कोण बांधतं?"

"मी बांधते की."

"ते दिसतंय हो. पण जबाबदार कोण?"

"म्हणजे काय? मीच. बहीण आहे माझी ती."

"बहीण हे पद नाही," उपाध्यक्ष म्हणाले. इतका स्वच्छ विचार आमच्या क्लबात त्याआधी कुणी केला नव्हता.

त्याच आठवड्यात सात जणांची पट्टा पडताळणी समिती नेमली गेली. मी क्लबाचा मानद चिटणीस, म्हणून तिचाही चिटणीस झालो. पहिल्याच बैठकीत 'दोन बोटे' या मापावर घोडे अडले. कोणाची दोन बोटे? सातही सदस्यांची बोटे मोजली, तेव्हा जाडीत जवळजवळ दुपटीचा फरक निघाला. असल्या डळमळीत पायावर आजवर एका बाईचे हाड उभे होते, या विचाराने अंगावर काटा आला. तीन बैठकांनंतर ज्येष्ठतेनुसार अध्यक्षांची बोटे प्रमाण ठरली. अध्यक्ष तरुणपणी कुस्ती खेळायचे. त्यांच्या दोन बोटांचा नमुना सुताराकडून लाकडात करून घेतला. सुताराने विचारले, "नखं काढू का?" ठरावात नखांचा उल्लेख नसल्याने बोटे बिननखी झाली.

मग तक्ता आला. त्यात चार रकाने: बांधले, पाहिले, मोजले, मान्य. एका रकान्याला एकच माणूस, एका माणसाला एकच सही, खाडाखोड केल्यास तक्ता रद्द, आणि तक्ता रद्द तर गोलकीपर बाद. 'बांधले' उपाध्यक्षांकडे गेले, 'मान्य' अध्यक्षांकडे, आणि 'मोजले' माझ्याकडे. खोटे कशाला बोलू, लाकडी बोटे पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा छाती दोन इंच फुगली होती.

मोसमाचा पहिला सामना आला. उपाध्यक्षांनी बकल लावले आणि सही केली. दुसऱ्या एका सदस्याने बकल पाहिले आणि सही केली. मग मी पुढे झालो. लाकडी बोटे पट्ट्याखाली जाईनात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसा प्रकार. नियमाप्रमाणे माप घेणे भाग होते, म्हणून मी बकल उघडले, बोटे आत ठेवली, नीट बसल्याची खात्री केली, ती काढून घेतली आणि सही केली.

आता बकल पुन्हा लावायचे कोणी? लावणे हे 'बांधले' या रकान्याचे काम. तिथे उपाध्यक्षांची सही झालेली. ते पुन्हा बांधते तर पहिली सही खोटी ठरली असती. मी लावले असते तर एका माणसाने दोन रकान्यांत हात घातला असे झाले असते. अध्यक्षांनी खुर्चीतूनच तक्ता मागवला, तीन सह्या मोजल्या आणि 'मान्य' केले. पट्टा त्या वेळी धाकटीच्या पाठीवर लोंबत होता. मला तो दिसत होता. माझा रकाना मात्र भरून झाला होता.

सामना सुरू झाला. आमच्या गोलमागेच प्रेक्षकांच्या पायऱ्या आहेत आणि त्या दिवशी तिथे दोनशे बारा माणसे होती. थोरली तेवढी दोरीपाशी धावली.

"अहो, तिचं मागचं सुटलंय."

"आपण सदस्य आहात का?" उपाध्यक्षांनी विचारले.

"सदस्य राहू दे, मला आत सोडा. एक मिनिटाचं काम आहे."

"ताई, ऐकून घ्या. तुम्ही हात लावला की तक्ता रद्द, आणि तक्ता रद्द की तुमची बहीण बाद. नुकसान कुणाचं? तिचंच ना? तुमचं म्हणणं लेखी द्या, मध्यंतरात बघू."

धाकटीने मान वळवून विचारले, "ताई, किती सुटलंय?"

"पूर्ण."

"बरं. मग मी जरा वाकून खेळते."

ती वाकून खेळली आणि तीन चेंडू अडवले. सत्ताविसाव्या मिनिटाला चौथा आला. कवच तोवर डाव्या बाजूला सरकले होते. गोल वाचला, गळ्याखालचे उजवे हाड मोडले. ती खाली बसली, तेव्हा थोरली दोरी ओलांडून आत गेली. त्या क्षणी तिला अडवायला कोणाकडेही रकाना नव्हता.

सहा आठवडे उजवा हात झोळीत. शाळेच्या गणवेशांचे कापड बेतून पडले होते, ते आता थोरली शिवते, आणि धाकटी शेजारी बसून कुठे दुमडायचे ते सांगते. थोरलीची शिवण वाकडी जाते, मग ती उसवते. मी भेटायला गेलो. थोरलीने स्टूल पुढे सरकवले, पाणी दिले आणि पुन्हा उसवायला बसली. मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतिवृत्तात असल्या गोष्टींना जागा नसते, म्हणून इथे लिहितो.

चौकशी रीतसर झाली. तक्ता निर्दोष आढळला. चेंडू पूर्वसूचनेशिवाय आल्याचे निष्पन्न झाले. 'पुन्हा बांधले' असा पाचवा रकाना सुचवण्यात आला, आणि विनापरवाना दोरी ओलांडल्याबद्दल थोरलीला समज देण्यात आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे काहीजण म्हणाले. पण चोरांच्या सह्या होत्या, चार प्रतींत. संन्याशाची एकही नव्हती.

शेवटी प्रेक्षकांचे जबाब घेतले. पट्टा लोंबताना दिसला का? दोनशे बारा जणांनी हो म्हटले. मग बोलला का नाहीत? एकशे एकोणनव्वद म्हणाले, कुणाचे तरी लक्ष असेलच असे वाटले. तेवीस म्हणाले, पुढे काय होते ते बघायचे होते. समितीने या तेवीस जणांच्या प्रामाणिकपणाची खास नोंद घेतली.

वाचकहो, आपला जबाब तेवढा राहिला आहे. पट्टा लोंबतो आहे हे मी आपल्याला सामना सुरू होण्याआधीच सांगितले होते. त्यानंतरही आपण वाचत राहिलात, आणि माझा अंदाज आहे, अधूनमधून हसलातही. आपण एकशे एकोणनव्वदांत बसता की तेविसांत, एवढेच लिहून द्यायचे आहे. कागद क्लबात आणू नये. थोरली दिवसभर मशीनवर असते, तिच्या हातात द्यावा.